कमी पाण्यातील घरगुती मोटारधुलाई

खासगी मोटार घराच्या अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये, वाहत्या नळीऐवजी बादली, फडके, फवारणीची बाटली किंवा मोजक्या वेळापुरता दाबफवारा (प्रेशर वॉशर) वापरून स्वच्छ करण्याची पद्धत. गाडी क्वचित धुवावी असा तिचा अर्थ नाही. धुताना पाण्याकडून नेमके कोणते काम करून घ्यायचे हे ठरवून तेवढेच पाणी खर्च करणे, हे तिचे सूत्र आहे.

अर्ध्या इंचाच्या नळीतून दाबानुसार मिनिटाला साधारणपणे १० ते २० लिटर पाणी वाहते. एका हाताने घासत दुसऱ्या हातातली नळी तशीच चालू ठेवली, किंवा ती जमिनीवर टाकून गाडीला फेस लावत बसले, तर पाव तासात १५० ते ३०० लिटर पाणी जाते. भारतातील नागरी पाणीपुरवठ्याचे नियोजन करताना दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. म्हणजे नळीखालची एक धुलाई एक ते दोन माणसांचा दिवसभराचा वाटा संपवते. यातले बरेचसे पाणी गाडीला लागतही नाही. १५ ते २० लिटरच्या दोन बादल्यांत मध्यम आकाराची गाडी व्यवस्थित धुऊन होते आणि ‘विनाखंगाळ’ पद्धतीत, म्हणजे शेवटी पाणी ओतून न खंगाळता धुताना, हाच खर्च आठ-दहा लिटरवर येतो.

धुलाईत पाणी तीन कामे करते : मळ भिजवून सैल करणे, घासताना फडका आणि रंग यांच्यामध्ये निसरडा थर राखणे आणि सुटलेला मळ वाहून नेणे. आधुनिक मोटारीच्या रंगावर पारदर्शक लाखेचा थर असतो व त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन एवढीच असते. रस्त्यावरच्या धुळीतील वाळूचे कण या थरापेक्षा कठीण असल्यामुळे कोरडा किंवा अर्धवट ओला फडका फिरवला की बारीक चरे पडतात. उन्हात गडद रंगाच्या गाडीवर ते कोळिष्टकासारखे गोल गोल चमकतात. पाणी कमी केल्यावर निसरडेपणाची आणि मळ वाहून नेण्याची ही दोन कामे दुसऱ्या कोणावर तरी सोपवावी लागतात. निसरडेपणा गाडी धुण्याच्या शाम्पूमधून मिळतो आणि मळ उचलण्याचे काम कापड करते.

पॉलिएस्टर व पॉलिअमाइड यांच्या अतिसूक्ष्म तंतूंचे मायक्रोफायबर कापड यासाठी सुती फडक्यापेक्षा सरस ठरते, कारण कण त्याच्या तंतूंमध्ये आत ओढले जातात. जुन्या बनियनचा फडका पुसायला मऊ लागतो खरा, पण त्यात कण पृष्ठभागावरच राहतात. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबणही टाळावा. दोन्हींनी मेणाचा संरक्षक थर निघून जातो, शिवाय त्यांचा फेस काढण्यासाठी जास्त पाणी लागते आणि बचतीचा हेतूच बाजूला पडतो.

दोन बादल्यांच्या रीतीत एका बादलीत शाम्पूचे आणि दुसरीत साधे पाणी असते. हातमोजा शाम्पूत बुडवून एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात पिळून त्यातली माती काढायची आणि मगच तो पुन्हा शाम्पूत घालायचा. सुरुवात टपापासून, मग काचा, बोनेट, दरवाजांचा वरचा भाग आणि शेवटी खालची पट्टी व बंपर, असा क्रम असतो. चाकांसाठी वेगळा फडका ठेवतात, कारण ब्रेकची काळी भुकटी रंगावर गेली तर ती वाळूइतकेच नुकसान करते.

विनाखंगाळ पद्धतीत बहुवारिकयुक्त (पॉलिमर असलेल्या) द्रावाचे सुमारे ३० मिलिलिटर सात-आठ लिटर पाण्यात मिसळतात. हा द्राव कणांभोवती आवरण तयार करतो, त्यामुळे नंतर पाणी ओतावे लागत नाही. निथळता फडका भागावर अर्धा मिनिट नुसता टेकवून ठेवावा, मग न दाबता एकाच दिशेने ओढावा आणि बाजू पालटावी. दोनदा घडी घातलेल्या कापडाला आठ स्वच्छ बाजू मिळतात. त्या संपल्या की नवा फडका घ्यायचा, वापरलेला परत बादलीत बुडवायचा नाही. पुसलेला भाग लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपतात. सावलीत आणि बोनेट थंड असतानाच हे जमते.

मात्र ही रीत सगळीकडे चालत नाही. पावसाळ्यात कोकणातून परतलेल्या गाडीच्या चाकांच्या कमानींत जांभ्याची तांबडी माती थापलेली असते. तिच्यावर फडका फिरवणे म्हणजे गाडी घासकागदाने पुसणे. अशा वेळी पाणी खर्च करणेच शहाणपणाचे असते. घरगुती दाबफवारा मिनिटाला सहा-सात लिटर पाणी घेतो आणि खटका सोडताच थांबतो, त्यामुळे दोन-तीन मिनिटांत चिखल पाडून पुढचे काम बादलीवर आणता येते. किनाऱ्यालगत वापरलेल्या गाडीचा तळही क्षार धुऊन काढण्यासाठी अधूनमधून असा धुवावा लागतो. पक्ष्यांची विष्ठा किंवा जांभळाचे डाग यांना याउलट पाणी नव्हे, वेळ लागतो. ओला फडका काही मिनिटे ठेवला की ते सुटतात.

शहरांत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी पुष्कळदा कठीण असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि पर्यायी स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालतो; गाडीच्या काचेला मात्र हा दुसरा आकडा मुळीच मानवत नाही. असे पाणी वाळले की कॅल्शियमचे पांढरे ठिपके उरतात आणि ते घालवायला पुन्हा धुलाई करावी लागते. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी हवेतील बाष्पाचे असल्याने जवळजवळ क्षारविरहित असते. दमट हवेत ते दिवसाकाठी बादलीभर साठते आणि गाळून घेतल्यास शेवटच्या पुसणीला उत्तम. आरओ यंत्राने टाकलेल्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा अधिक असतात, म्हणून ते चाके व रबरी पायपुसण्यांपुरतेच ठेवावे.

महाराष्ट्रातल्या सोसायट्यांमध्ये मालक स्वतः गाडी धुतोच असे नाही; महिन्याच्या पगारावर पहाटे येणारा माणूस बऱ्याच गाड्या पुसतो. पाण्याच्या दृष्टीने याइतकी काटकसरीची व्यवस्था शोधूनही सापडणार नाही, कारण एकाच बादलीत चार-पाच गाड्या उरकतात. रंगाचे हाल मात्र होतात, कारण चौथ्या गाडीवर आधीच्या तिन्ही गाड्यांची वाळू फिरते. दोष त्या माणसाचा नव्हे. गाडीमागे एक जादा फडका देण्याचा खर्च कोणी उचलत नाही. दसऱ्याला झेंडूची माळ घालण्याआधी गाडी मनसोक्त पाण्याने धुण्याची हौस बहुतेक घरी असते. पावसाळा नुकताच सरलेला असल्याने ती तितकीशी खटकत नाही, पण एप्रिल-मेमधली नळी खटकते.

२०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूत पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास मनाई होऊन ५,००० रुपयांचा दंड ठरला आणि त्याच उन्हाळ्यात दिल्लीत नळीने गाडी धुणाऱ्यास २,००० रुपये दंड लावण्यात आला. ब्रिटनमधील टंचाईकाळातल्या निर्बंधांत नळीवर बंदी असते, बादलीवर नसते. नेमके कोठे बोट ठेवायचे हे तिथल्या कायद्याला कळले आहे, असे म्हणावे लागते.

जर्मनीतील अनेक गावांत मात्र आपल्या दारात गाडी धुण्यावरच निर्बंध आहेत आणि त्यांचे कारण पाण्याची टंचाई नसून भूजलाचे प्रदूषण हे आहे. आपल्याकडे पार्किंगमधला फेस आणि तेलकट मळ पावसाळी गटारातून प्रक्रियेविना ओढ्यात व नदीत पोहोचतो. विनाखंगाळ पद्धतीत हा मळ बहुतांशी फडक्यातच राहतो. तो फडका मोरीत धुतला की पाणी सांडपाण्याच्या वाहिनीत जाते. बादलीत उरलेले सौम्य शाम्पूचे पाणी त्याच वाटेने सोडावे आणि चाकांचे पाणी कुंड्यांना घालू नये, कारण ब्रेकच्या भुकटीत लोखंडाबरोबर तांब्यासारखे इतर धातूही असतात.