दोडक्याला बोट केलं की तो कुजतो?

खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरामागच्या परड्यात दरवर्षी मिरगाला दोडक्याचं बी टोचतात. वेल मांडवावर चढला, करंगळीएवढा दोडका दिसला आणि मी हौसेने बोट करून दाखवला की आज्जी ओरडायची, "बोट करू नको की रे, कुजतंय ते!" आणि चार दिवसांत कितीतरी पिवळे पडून गळायचे. बोट मात्र मी सगळ्यांनाच केलेलं असायचं. हा हिशेब लागायला मला बारावीचं जीवशास्त्र यावं लागलं.

तो करंगळीएवढा दोडका म्हणजे धरलेलं फळ नव्हेच. तो मादी फुलाचा बीजांडकोश, म्हणजे आत बीजांडं (पुढे ज्यांच्या बिया होतात ते दाणे) असलेला भाग, फूल उमलायच्या आधीपासून तिथे असलेला. दोडक्याची फुलं उमलतात दिवस कलताना. आषाढात आमच्याकडे झड लागली की त्या वेळी कुठली माशी आणि कुठला पतंग फिरकणार? पराग पोचला नाही तर वेल त्या फळावर पुढे काही खर्च करत नाही. थोडेच पराग पोचले तर दोडका वाकडा होतो, एका टोकाला बारीक राहतो. असा एखादा उभा चिरून बघा. बारीक टोकाला बिया कागदासारख्या चपट्या, पोचट निघतील. प्रत्येक बीजांडाला आपला एक परागकण लागतो, त्याची ही उघडी नोंद.

शाळेच्या पुस्तकात पुढचं सगळं एका वाक्यात उरकतात: परागकणातून निघालेली परागनलिका वाढत जाऊन बीजांडात शिरते. जणू बीजांड नुसतं वाट बघत बसलंय! खरी गंमत तर तिथेच आहे.

आधी बीजांड घडतं कसं ते पाहू. त्यातल्या एका पेशीचं अर्धसूत्री विभाजन (ज्यात जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच प्रत प्रत्येक पेशीत जाते) होऊन चार पेशी होतात. बहुतेक सपुष्प वनस्पतींत त्यातल्या तीन मरतात. उरलेलीच्या केंद्रकाचं तीनदा विभाजन होऊन सात पेशींचा, आठ केंद्रकांचा भ्रूणकोश तयार होतो. त्यात एक अंडपेशी, मध्ये दोन केंद्रकांची मोठी पेशी, एका टोकाला तीन पेशी आणि नलिका जिथून आत शिरते त्या दाराशी दोन सहायक पेशी. 'तू बीजांड हो' हा हुकूमही जनुकांचाच. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपट्यात सीडस्टिक आणि शॅटरप्रूफची जोडी अशी तीन जनुकं एकदम बंद पडली की बीजांडाच्या जागी पानासारखे अवयव येतात, हे 2003 साली दिसलं.

आता त्या दाराशी बसलेल्या दोघी. जपानच्या तेत्सुया हिगाशियामांनी टोरेनिया हे नर्सरीत मिळणारं शोभेचं झाड घेतलं, कारण त्याचा भ्रूणकोश बीजांडातून बाहेर डोकावतो. लेझरने एकेक पेशी मारून पाहिली. अंडपेशी मारली तरी परागनलिका येतच राहिल्या. दोन्ही सहायक पेशी मारल्या आणि नलिकांना वाट सापडेना. हे 2001 साली. या पेशी सोडतात ती छोटी प्रथिनं 2009 मध्ये हाती लागली, त्यांना 'ल्यूर' म्हणजे आमिष असं नाव पडलं.

पण बोलावून भागत नाही. आलेल्या नलिकेला 'थांब, फूट' असंही सांगावं लागतं. तो निरोप सहायक पेशीच्या आवरणावरचं एक प्रथिन सांभाळतं. त्याचं जनुक बिघडलं तर नलिका आत येते, पण फुटत नाही. नुसती वाढत राहते, भ्रूणकोशात वेटोळी घालते. शुक्रपेशी नलिकेतच अडकतात, फलन नाही. झुरिकच्या संशोधकांनी अरॅबिडॉप्सिसमधल्या या जनुकाला फेरोनिया हे प्राचीन इटलीतल्या सुपीकतेच्या देवीचं नाव दिलं. बेळगाव जिल्ह्यात सापडलं असतं तर सौंदत्तीकडे हात जोडून आम्ही यल्लम्मा ठेवलं असतं.

इथे जरा सावकाश वाचा. रोपाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक बिघडलेली असली तरी रोप टवटवीत दिसतं. पण भ्रूणकोश अर्धसूत्री विभाजनातून आलेला, त्याच्या वाट्याला एकच प्रत. म्हणून त्याच रोपाच्या शेंगेत साधारण निम्मी बीजांडं धड आणि निम्मी रिकामी. परागाकडून मात्र बिघडलेली प्रत पुढे जाऊ शकते. त्यामुळे स्वपरागणात मेंडेलचं ओळखीचं तीनास एक येत नाही, धड रोपं आणि एक बिघडलेली प्रत असलेली रोपं जवळपास निम्मी-निम्मी येतात. हिरव्यागार झाडाला सरसकट 'वांझ' म्हणून कुऱ्हाड दाखवणाऱ्यांनी आणि फलधारणेचं टॉनिक म्हणून कुठलीही बाटली गळ्यात मारणाऱ्यांनी आधी एक शेंग उकलून बघावी. पराग पोचला नाही, आमिष सुटलं नाही की नलिका फुटली नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बाटली एकच.

गेल्या पावसाळ्यात उघडीप बघून मी संध्याकाळी नर फुलं खुडली, पाकळ्या काढून सहा मादी फुलांच्या कुक्षीवर, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकावर, घासली, देठांना लाल दोरा बांधला. मग रोज सकाळी आज्जीसमोर सहाही दोडक्यांना मुद्दाम बोट केलं. पाच धरले, सहावा गळाला. आज्जीने पाचांची भाजी केली आणि सहावा आणून माझ्या ताटाशेजारी ठेवला.