बेलिंडा वेगळी आणि ॲराबेला वेगळी

बीए एमएला इंग्लिश घेतलेल्यांना अलेक्झांडर पोप या इंग्रजी कवीची ‘द रेप ऑफ द लॉक’ ही कविता असतेच, आणि नोट्समध्ये बेलिंडा म्हणजेच ॲराबेला फर्मर असं सरळ लिहून मोकळे होतात, ते वाचलं की मला खरंच वाईट वाटतं. एक पोपने रचलेली नायिका आहे, दुसरी हाडामासाची मुलगी. आधी नावाचं सांगते, लॉक म्हणजे कुलूप नाही, केसांची बट, आणि रेप इथे जुन्या लॅटिन अर्थाने हिसकावून नेणं, आपण सीताहरण म्हणतो ना, तसं बटेचं हरण.

खरं घडलं ते एवढंच. १७११ च्या सुमारास लॉर्ड पीटरने ॲराबेलाची बट तिला न विचारता कापली आणि दोन्ही घरांचं बिनसलं. दोन्ही घराणी कॅथलिक. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये कॅथलिकांना पार्लमेंट बंद, सरकारी पद बंद, वर जमिनीवर डबल टॅक्स, त्यामुळे सोयरिकीही बहुतेक आपसातच व्हायच्या, माणसं मोजकी आणि कुठलीही गोष्ट चार घरांत लगेच पोचणार, अशात लग्नाच्या वयाच्या मुलीला हे किती लागलं असेल! जॉन कॅरिल या स्नेह्याने पोपला सुचवलं की काहीतरी लिही, हसून भांडण मिटेल.

आता बेलिंडा. १७१२ ची पहिली कविता फक्त दोन सर्गांची, ३३४ ओळींची. १७१४ मध्ये पोपने ती पाच सर्गांची केली आणि तेव्हाच त्यात सिल्फ, म्हणजे हवेतले अदृश्य जीव, आले, ऑम्बर हा पत्त्यांचा डाव आला, आणि आरशापुढे बसून लढाईला निघाल्यासारखं नटणं आलं. म्हणजे बेलिंडा किती नखरेल हे दाखवायला नोट्समध्ये जे सीन देतात त्यातले बरेचसे घटनेनंतर दोन-तीन वर्षांनी घातलेले आहेत, त्यावरून ॲराबेलाचा स्वभाव कसा काय ठरवणार? स्वतः पोपनेच १७१४ च्या अर्पणपत्रिकेत तिला लिहिलंय की सौंदर्य सोडलं तर बेलिंडा कशातच तुमच्यासारखी नाही.

शेवट पण बघा. कवितेत बट कापणारा बॅरन आणि बेलिंडाची मोठी लढाई होते आणि बट आकाशात जाऊन तारा होते. खऱ्या लॉर्ड पीटरने १७१२ मध्ये दुसऱ्याच मुलीशी लग्न केलं आणि पुढच्याच वर्षी तो देवीच्या रोगाने गेला, जेमतेम तेवीस वर्षांचा. ॲराबेलाचं लग्न फ्रान्सिस पर्किन्सशी झालं, बर्कशायरमधल्या अफ्टन कोर्ट नावाच्या वाड्यात तिने संसार केला, मुलंबाळं झाली.