बेकारभत्ता मिळाला की लोक कामालाच जात नाहीत?

भत्ता चालू असला की कमी पगाराची नोकरी कोणी घेतच नाही, हे सारखं फिरत असतं ना, ते अमेरिकेत २०२१ मध्ये चक्क तपासून बघता आलं. कोरोनामुळे आठवड्याला ३०० डॉलर जास्तीचे मिळत होते, पण साधारण निम्म्या राज्यांनी ते सप्टेंबरच्या मुदतीआधीच बंद केले, का तर हॉटेलांना माणसं मिळेनात. मग झालं काय? ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भत्ता गेलेल्या आठांमागे जेमतेम एकाला त्यामुळे काम लागलं, बाकीच्यांच्या हातात पैसाच नाही म्हणून घरखर्चावरच कात्री आली. थोडा परिणाम होतो, नाही असं नाही, पण पोरं कोण सांभाळणार हा प्रश्न भत्ता बंद करून सुटत नाही. आणि तिथे नियमाप्रमाणे योग्य काम नाकारलं तर भत्ताच थांबतो, हे कोणी सांगतच नाही!