प्रवासाची मागणी आणि प्रवासाची गरज

‘बसमध्ये व्हीलचेअरवरचे प्रवासी दिसतच नाहीत, मग रॅम्पवर खर्च कशाला?’ हा प्रश्न विचारणारा मागणी मोजतो आणि निष्कर्ष मात्र गरजेबद्दल काढतो.

मागणी म्हणजे झालेला प्रवास. तिकिटं, स्मार्टकार्डच्या नोंदी, थांब्यावरची मोजणी यांतून ती कळते. गरजेत न झालेला प्रवासही येतो: बुडालेली फिजिओथेरपी, लांब पडते म्हणून सोडलेली नोकरी, टाळलेलं लग्नकार्य. याचं तिकीट कुठेच फाटत नाही.

समजा, व्हीलचेअर वापरणाऱ्या एका बाईंना दवाखान्यात जायचंय. बसला रॅम्प आहे, चालकाला तो नीट लावताही येतो. पण घराजवळच्या फुटपाथला उतार नाही आणि बस बदलायच्या ठिकाणची लिफ्ट बंद आहे. मग त्या टॅक्सी करतात, नाहीतर घरीच थांबतात. दोन्ही वेळा बसच्या हिशेबात शून्यच. टॅक्सीचे पैसे त्यांच्या खिशातून गेले, हेही त्यात दिसत नाही. मला हा शून्य फार घातक वाटतो, कारण पुढच्या वर्षीची तरतूद त्यावरूनच कापली जाते.

म्हणून सर्वेक्षणात ‘काल कुठे गेलात?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘कुठे जायचं होतं, पण जाता आलं नाही? कशामुळे?’ हेही विचारायला हवं. ‘तुम्ही दिव्यांग आहात का?’ या प्रश्नाला गुडघ्यांनी हैराण झालेले आजोबा सरळ ‘नाही’ म्हणतात. वॉशिंग्टन ग्रुप या दिव्यांगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाची सहा प्रश्नांची छोटी प्रश्नावली इथे कामी येते. पाहणं, ऐकणं, चालणं किंवा जिने चढणं, लक्षात ठेवणं, स्वतःची कामं करणं आणि संवाद साधणं यांत किती अडचण येते, एवढंच ती विचारते.

मागणीचे आकडे टाकाऊ नाहीत. कोणत्या वेळी किती गाड्या सोडायच्या, हे त्यांवरूनच ठरतं.

मागणी आणि गरज यांची गफलत सर्वांत जास्त होते ती दिव्यांगांना आगाऊ नोंदणीवर घरून नेणाऱ्या-आणणाऱ्या वाहनसेवेत. अमेरिकेत 1990 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली ही सेवा बसमार्गापासून पाऊण मैलाच्या, म्हणजे साधारण 1.2 किलोमीटरच्या पट्ट्यात द्यावीच लागते. पट्ट्याबाहेर राहणाऱ्याची गरज तेवढीच असली, तरी तिथे हे बंधन नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क करारातलं कलम 20 मात्र स्वतःच्या पसंतीच्या वेळी, परवडणाऱ्या खर्चात फिरता येण्याबद्दल बोलतं. त्यामुळे अशा सेवेचा अभ्यास करताना झालेल्या फेऱ्यांसोबत नाकारलेल्या नोंदण्या, वाट पाहून तोडलेले फोन आणि पट्ट्याबाहेरचे पत्तेही मागून घ्यावेत.