नैरोबीहून निघालेली पुस्तके

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत साठ-सत्तरच्या दशकांतली मराठी पुस्तके भरपूर सापडतात, याचे श्रेय बरेचसे गव्हाला जाते. ‘पीएल-४८०’ या अमेरिकी अन्नधान्य मदत कायद्याखाली भारताने अमेरिकी धान्याचे पैसे रुपयांत चुकते केले. त्यांतल्या काही रुपयांतून लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाच्या दिल्ली कार्यालयाने १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तके घ्यायला सुरुवात केली. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत असा साठलेला स्थानिक पैसा हाताशी नव्हता. तिथली पुस्तके बाहेरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचली ती वेगळ्या वाटेने.

१९६० या एका वर्षात आफ्रिकेतले १७ देश स्वतंत्र झाले. तोवर परदेशी ग्रंथालयांत आफ्रिका असायची, पण बहुतांशी लंडन-पॅरिसमध्ये छापलेली. नवे देश आता स्वतःची राजपत्रे, जनगणनेचे अहवाल, शालेय पुस्तके आणि वृत्तपत्रे छापू लागले. हे कोण गोळा करणार? अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ मेलव्हिल हर्स्कोव्हिट्झ यांनी १९४८ मध्येच आफ्रिका अभ्यासक्रम सुरू केला होता. ब्रिटिश ग्रंथालयांनी १९६२ मध्ये आपला संघ काढला आणि कुठल्या देशाचे साहित्य कोणी जमवायचे हे वाटून घेतले. १९६३ मध्ये अमेरिकी ग्रंथालये एकत्र येऊन आफ्रिकी वृत्तपत्रांच्या मायक्रोफिल्म सामाईक वापरू लागली. मग १९६५ च्या अमेरिकी उच्च शिक्षण कायद्यात परदेशी पुस्तके मिळवून त्यांची तालिका, म्हणजे ग्रंथालयीन सूची, करण्यासाठी तरतूद झाली आणि १९६६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसचे केनियातल्या नैरोबीचे कार्यालय उघडले. १९६८ पासून ते पूर्व आफ्रिकेतल्या नव्या प्रकाशनांची यादी छापू लागले.

हे काम घरबसल्या होणारे नव्हतेच. पुस्तकाची आवृत्ती काहीशे प्रतींची, वितरक नाही, आणि छापणारे बहुधा प्रकाशक नव्हेत: सरकारी छापखाना, चर्च, राजकीय पक्ष, एखादी स्वयंसेवी संस्था. आज घेतले नाही तर पुढच्या वर्षी ते पुस्तक कुठेच मिळायचे नाही. म्हणून कर्मचाऱ्यांनी देशोदेशी हिंडायचे, मंत्रालयांच्या पायऱ्या चढायच्या, दुकाने पालथी घालायची, आणि मिळालेल्या प्रती सहभागी ग्रंथालयांना त्यांच्या खर्चाने पाठवायच्या. उशीर झाला की काय हातचे जाते, हे नायजेरियातल्या ओनित्शाने दाखवले. तिथल्या बाजारात प्रेमपत्रे कशी लिहावीत, पैसा कसा जोडावा, अशा विषयांवरच्या इंग्रजी चोपड्या स्थानिक लेखक लिहीत आणि लहान छापखाने छापत. १९६७ ते १९७० च्या यादवी युद्धात तो बाजार उद्ध्वस्त झाला. अशा कित्येक चोपड्या आज वाचता येतात त्या कोणीतरी आधीच उचलून ठेवल्या म्हणून.

ऐंशीच्या दशकात परकीय चलन आटले आणि आफ्रिकेतल्याच विद्यापीठांना पुस्तके घेणे परवडेनासे झाले. त्या काळाला ‘पुस्तकांचा दुष्काळ’ असेच नाव पडले. शेजारच्या देशातले पुस्तक मिळवणेसुद्धा जड होते, आणि त्याच वेळी परदेशातले आफ्रिका-संग्रह वाढत होते. ही विषमता मला या इतिहासातली सर्वांत बोचरी गोष्ट वाटते. आफ्रिकी प्रकाशकांनी एकत्र येऊन ऑक्सफर्डमध्ये ‘आफ्रिकन बुक्स कलेक्टिव्ह’ उभारले, ते आपली पुस्तके परदेशी ग्रंथालयांना स्वतः विकावीत आणि दाम मायदेशी यावा म्हणून.

पुस्तक हाती आले तरी तालिकाकाराचे काम सुरूच होते. इथिओपियाची कालगणना आपल्या नेहमीच्या सनापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे आहे. मुखपृष्ठावर १९६० असेल, तर पुस्तक १९६७ किंवा १९६८ चे. शके छापलेल्या जुन्या मराठी पुस्तकांबाबत आपल्याकडेही हाच हिशेब करावा लागतो. इथिओपियन माणसाला आडनाव नसते. दुसरे नाव वडिलांचे. ते आडनाव समजून पुढे घेतले, तर नोंद लेखकाच्या बापाच्या नावावर जाते. केनियाचे लेखक जेम्स न्गुगी पुढे न्गुगी वा थिओंगो झाले. दोन्ही नावे एकाच माणसाची, हे तालिकेत जोडून दाखवावे लागते. नैरोबीत तालिका करणारे त्या प्रदेशातले, त्या भाषा जाणणारे होते, याचे मोल इथे कळते.

विषयशीर्षके, म्हणजे तालिकेत पुस्तक ज्या विषयाच्या नावाखाली नोंदवायचे ती नावे, मात्र वॉशिंग्टनमध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ठरत, आणि तीच जगभरच्या ग्रंथालयांत वापरली जात. सॅनफर्ड बर्मन हा अमेरिकी ग्रंथपाल साठच्या दशकाच्या अखेरीस झांबिया विद्यापीठात काम करत होता. तिथे वावरताना त्याला कळले, की ‘काफिर’ हे आपल्या तालिकेतले शीर्षक त्या भागात कृष्णवर्णीयांना दिली जाणारी उघड शिवी आहे. ज्यांना ती शिवी दिली जाई, त्यांनाच स्वतःवरचे पुस्तक त्या शब्दाखाली शोधावे लागे. १९७१ मध्ये त्याने अशा शीर्षकांची झाडाझडती घेणारे पुस्तक काढले आणि पुढे कित्येक वर्षे एकेका शब्दासाठी पत्रे लिहीत राहिला. दक्षिण आफ्रिकेतल्या एका समाजाला गोऱ्यांनी दिलेले ‘हॉटेन्टॉट’ हे शीर्षक जाऊन त्या जागी ‘खोइखोइ’ आले. ते लोक स्वतःला याच नावाने ओळखतात.