‘एअर काढणे’ या शब्दाचा घोळ आणि एबीएसच्या जुन्या गाड्या

विदर्भातल्या तालुक्याच्या गॅरेजांत ‘एअर काढणे’ हा एकच शब्द दोन कामांसाठी वापरला जातो: ब्रेकच्या लाइनीत शिरलेली हवा बाहेर काढणे आणि जुने ब्रेक ऑइल काढून नवे भरणे. एकाने पेडल दाबून धरायचे आणि दुसऱ्याने चाकामागचे निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडणारा पोकळ स्क्रू, सैल करायचे, या जुन्या रीतीत दोन्ही कामे एकदमच होत, त्यामुळे वेगळ्या शब्दाची गरज कधी भासली नाही.

जोरात ब्रेक मारला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा म्हणजे एबीएस. इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये एका जर्मन मोटारीत आले. भारतात ते बरीच वर्षे महागड्या मॉडेलांपुरते राहिले आणि एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना सक्तीचे झाले. सक्तीआधीच्या त्या गाड्या आता सेकंडहँड होऊन खेड्यांत फिरत आहेत, आणि शब्दाचा घोळ त्यांच्याच बाबतीत महागात पडतो.

एबीएसच्या युनिटमध्ये प्रत्येक चाकासाठी दाब नेणारा व्हॉल्व्ह एरवी उघडा आणि दाब सोडणारा बंद असतो. बंद व्हॉल्व्हपलीकडे एक लहान कप्पा व पंप असतो. पेडल मारून काढलेले ऑइल उघड्या वाटेने जाते, त्या कप्प्यातले जागीच राहते. म्हणून स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने, व्हॉल्व्ह आणि पंप चालवल्याशिवाय एबीएसच्या गाडीला हात लावू नये, असा आग्रह शहरातून आला. तो अर्धाच खरा आहे. नुसते ऑइल बदलायचे असेल आणि ब्रेक ऑइलची टाकी मध्येच रिकामी पडू दिली नसेल, तर बहुतेक गाड्यांत जुनी रीत पुरते. अशा कामासाठी शेतकऱ्याला शंभर किलोमीटरवर पाठवणे अन्यायाचे आहे. मात्र टाकी कोरडी पडली किंवा युनिट खोलले गेले, तर आत अडकलेली हवा पेडल मऊ ठेवते, आणि तिथे स्कॅनर टाळणे धोक्याचे ठरते.

सुरुवातीच्या काही एबीएसमध्ये दाब साठवणारी टाकी असे. तिथे निपल सैल करण्यापूर्वी चावी बंद करून पेडल वीस-पंचवीस वेळा दाबून तो दाब उतरवावा लागे.

ऑइल बदलण्याचे काम मात्र दुय्यम मानू नये. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते; डॉट ३ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवेपणी किमान २०५ अंश असतो, ओलावा धरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना तापलेल्या ब्रेकमध्ये अशा ऑइलची वाफ होते, आणि पेडल तळाला जाते.