शिवनेरी: महाराजांचा जन्मगड, पण स्वराज्याबाहेरच राहिलेला

शिवनेरीची गोष्ट नाणेघाटापासून सुरू करावी लागते. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल हा घाट चढून जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. तिथल्याच लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख कोरलेला आहे. या व्यापाराच्या पैशावर जुन्नरभोवतीच्या डोंगरांत बौद्ध लेणी खोदली गेली, त्यातली बरीच खुद्द शिवनेरीच्या कातळात. आज दिसणारी तटबंदी आणि सात दरवाजे पुष्कळ नंतरचे.

यादवांनंतर गड बहमनींकडे गेला. मलिक अहमदने 1490 मध्ये निजामशाही थाटली ती जुन्नरच्या बळावर. 1494 मध्ये त्याने अहमदनगर वसवलं आणि दरबार तिकडे हलला. पुढे निजामशाहीकडूनच शिवनेरी मालोजी भोसल्यांना मिळाला.

1629 मध्ये देवगिरीवर जिजाबाईंचे वडील लखुजी जाधव यांना निजामशहाने दगाफटका करून मारलं. शहाजीराजे धामधुमीत, जिजाबाई गरोदर. अशा वेळी त्यांना ठेवायला याहून बळकट जागा आसपास नव्हती. 19 फेब्रुवारी 1630 रोजी शिवरायांचा जन्म झाला. गडदेवता शिवाईवरून त्यांचं नाव ठेवल्याचं परंपरा सांगते.

यानंतरचा भाग मात्र जयंतीच्या भाषणांत सहसा येत नाही. 1637 मध्ये गड मोगलांकडे गेला आणि महाराजांच्या हयातीत परत आलाच नाही. मध्यंतरी महादेव कोळ्यांनी बंड केलं, ते मोगलांनी निर्दयपणे चिरडलं. माथ्यावरचा कोळी चौथरा त्याचीच खूण. 1657 मध्ये महाराजांनी जुन्नर शहर लुटलं, रोकड आणि घोडे नेले, पण वरचा गड तसाच राहिला. 1673 मध्ये किल्लेदार अजीजखानाला फितवून गड घ्यायचा डाव टाकला, तोही फसला. 1675 मध्ये जुन्नरला आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर लिहितो की, गडावर हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढी शिधासामग्री होती. अंबरखाना म्हणजे धान्याचं कोठार आणि कातळात खोदलेली गंगा-जमुना टाकी पाहिली की त्याचं म्हणणं पटतं. असा गड वेढा घालून उपाशी पाडणं कठीणच.

अखेर 1716 मध्ये शाहू महाराजांच्या काळात शिवनेरी मराठ्यांकडे आला, पुढे पेशव्यांकडे गेला आणि 1818 मध्ये इंग्रजांनी घेतला.